एका तासाची किल्ली

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या वरच्या मजल्यावर
आमचं ऑफिस. खाली लोखंड ओततात.
दुपारी फरशी चपलेतूनही गरम लागते.

यल्लोजी मुचंडीकर नोकरी सोडून पुण्याला गेला
त्याला आठ महिने झाले.
तरी रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
तोच लिहितो आमच्या रिपॉझिटरीत:
आवृत्ती वाढवली, यल्लोजी.
आवृत्ती वाढवली, यल्लोजी.
त्याचं टोकन बिल्डच्या पोटात राहिलंय.
कुठंही लिहायची मुभा, मुदत नाहीच.
रिलीजची रात्र होती ती. मीच म्हणाले होते,
घाल की गा, नंतर बघू.

खाली स्टोअरच्या किल्ल्या सात जणांकडे.
आठवी दाराशेजारी, सैल विटेच्या मागं.
ती माहीत नसलेला माणूस
कारखान्यात एकच, मालक.

फोन केला. "अजून मीच लिहूलोय होय?"
हसला. मग थोडा गप्प.
"काढून टाक गे. मी न केलेल्या कामावर
माझं नाव कशाला?"

शुक्रवारी काढलं. रात्री दोन दहाला बिल्ड लाल.
शनिवारी आणखी तीन कामं लाल.
ती किल्ली कुठं कुठं फिरत होती
हे एकेक दार अडलं तेव्हा कळलं.
चाचण्यांना तर नुसतं वाचायचं होतं,
त्यांच्याही हाती लिहिणारी किल्ली.

समोर दुंडाप्पा पेंटर पाटी रंगवत होता,
वर कन्नड, खाली मराठी.
मालकानं अक्षरांची उंची पट्टीनं मोजून घेतली, दोनदा.
दिवस मावळला तसा दुंडाप्पानं ब्रश धुतला,
रंगाच्या डब्यासकट सायकलला बांधून नेला.
शिडी राहू दिली.
शिडीनं काही लिहिता येत नाही.

आता यंत्राला किल्ली मागावी लागते.
मी अमुक काम, मुख्य शाखेवरून आलो.
ओळख पटली तर मिळते,
एका रिपॉझिटरीची, एका तासाची.
तास सरला की ती किल्लीच राहत नाही.
चाचण्यांना फक्त वाचन.

रविवारी शहापूरच्या खोलीत जागी राहिले.
शेजारचा माग केव्हाच थांबलेला.
दोन दहा. दोन अकरा. हिरवं.
आवृत्ती वाढवली, बिल्ड-यंत्र.
यल्लोजीला स्क्रीनशॉट पाठवला. तो झोपला असेल.

सोमवारी जिना चढायच्या आधी
स्टोअरशी थांबले, वीट सरकवली.
किल्ली होती. भट्टीनं तापलेली.
परत ठेवली.
मालकाला सांगायचं की नाही,
अजून ठरत नाहीये.