विरोधात: एक

पाचपाखाडीच्या सभागृहात बावीस वर्षं
माझं टेबल महापौरांच्या पायरीखाली होतं.
मी कुणाच्याच बाजूने नव्हतो. मी लघुलेखक.
सभासद बोलत, मी रेघा ओढत असे
आणि सोमवारी त्या रेघांचं इतिवृत्त होई.

कुंदाताई नाखवा, चेंदणी कोळीवाडा,
उठल्या की आधी पदराने चष्मा पुसायच्या.
तेवढ्यात मी पेन्सिलीला टोक काढून घ्यायचो.
बोलणं भराभर, मध्येच कोळी वळणाचं,
आकडे मात्र तोंडपाठ:
कुठल्या चौकीत किती रात्री, किती जण,
कुणाची नोंद डायरीत, कुणाची कुठेच नाही.
"हा विषय पटलावर नाही," सचिव म्हणायचे.
"माणूसच पटलावर नाही, म्हणून तर बोलतेय."
हे वाक्य कामकाजातून वगळलं.
मीच वगळलं. लाल पेनाने, पट्टी लावून.

ठराव मंजूर व्हायचे.
बाजूने एकशे सात. विरोधात: एक.
इतक्यांदा बडवलं हे की टंकयंत्रावरचा ए झिजला,
काही पानांवर नुसतं उमटलंय,
विरोधात: क.

पक्ष सत्तेत गेला त्या सकाळी
सगळे उठून पलीकडच्या बाकांवर बसले.
या तिथेच.
शिपायाने विचारलं, बाई, खुर्ची हलवू का?
"खुर्ची राहू दे. पंखा फिरव इकडे."

एकदा अकरा दिवस ठाण्याच्या तुरुंगात होत्या,
सुटल्या त्या घरी न जाता सभेला आल्या.
हजेरीपटावर सही करायला वाकल्या
तेव्हा फिनेलचा वास आला. मी श्वास रोखला.
तो त्यांना कळला असावा.

मल्लेशचं सांगायचं राहतंय.
मुद्दाम राहतंय.

खडीच्या ट्रकवरचा पोरगा, एकोणीस वर्षांचा,
संध्याकाळी चौकीत, पहाटे सिव्हिलच्या शवागारात.
ताईंनी पिशवीतून त्याची चप्पल काढली, एकच,
दुसरी मिळालीच नव्हती,
आणि माझ्या टेबलावर ठेवली,
महापौरांचं टेबल उंच पडायचं म्हणून.
अंगठा तारेने शिवलेला.
मी वही जरा अलीकडे ओढली.

इतिवृत्तात त्या जागी छापलंय: (गोंधळ).
गोंधळ नव्हता.
एकशे सात माणसं गप्प बसली होती,
कुणाच्या तरी खिशात किल्ल्या वाजल्या तेवढ्याच.
पण गप्प बसण्यासाठी नमुन्यात शब्द नाही,
आणि सोमवारपर्यंत मला दुसरा सुचला नाही.

पुढे त्या पडल्या. दोनदा. दुसऱ्यांदा अनामतही गेली.
मी निवृत्त झालो, नौपाड्यात मोतीबिंदू सांभाळत बसलो.

परवा दारात उभ्या. हातात वर्तमानपत्राची पुडी, सोडे.
आमच्याकडे चालत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक.
"लेले, वह्या जाळल्या नाहीत ना?"
नव्हत्या जाळल्या. का, ते मी घरातही सांगितलेलं नाही.
माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलामागे,
बावीस वर्षांच्या रेघा, त्यांत पट्टी लावलेलं काहीच नाही.
"मल्लेशची आई आयोगापुढे उभी राहणारे.
तिथे विचारतायत, त्या दिवशी सभागृहात काय झालं.
छापील कागदात तर गोंधळ आहे."

जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन वाचू लागलो.
माझंच अक्षर, पण परक्यासारखं पाहत होतं.
त्या डोळे मिटून ऐकत होत्या, बोटांनी पदर चुरत,
जणू दुसरीच कुणी बाई बोलतेय.
एका ओळीवर अडलो. आडवी रेघ, खाली टिंब, मग काहीच नाही.
इथे काय ते लागत नाही, म्हटलं.
"इथे मी पाणी मागितलं होतं."

हो.
कुणी दिलं नव्हतं.
तांब्याभांडं माझ्याच टेबलावर असायचं.

मी उठलो, आत गेलो, पाणी आणलं.
सगळं प्यायल्या. तोंड पुसलं. मग चष्मा.

"हं. पुढे वाचा."