सात नंबरची बाटली

गळ्यातल्या कार्डावर माझं नाव छापलंय: होसा.
हौसाचं होसा झालं, होऊ दे.
पुढे उभ्या फिलू कुलासोचं तर पिलू झालं होतं.
तिथून ओळख.
मागची रेहाना बागवान, मिरजेची, म्हणाली,
"माझं नाव बरोबर आहे हो,
पण हा फोटो कुणाचा?"

ताळगावचा हॉल. एसी असा की शाल आठवावी.
बाटल्या डोळ्यांत औषध घालायच्या मापाच्या
आणि किमती सोनाराच्या तराजूतल्या.
लव्हेंडर झोपेला. गवती चहा मनाला.
लोबान कशाला विचारलं तर
"सगळ्याला."
मंचावरचा माणूस अनवाणी होता
आणि त्याच्या हातात दोन फोन.
"तुमच्या खाली सहा जणी जोडा,
त्या सहांच्या खाली सहा सहा."
रेहाना माझ्या कानाशी:
"माझ्या खाली तीन भाडेकरू आहेत.
चालतील का विचार."

सगळ्या हुंगत होत्या. मीही हुंगत होते.
डोळे मिटून, मान जराशी तिरकी,
मग अहाहा.
अकरा वर्षं करतेय. सरावानं जमतं.
तापातून मी उठले, नाक तेवढं मागे राहिलं.
निपाणीत, तंबाखूच्या वखारीत
हिशेब लिहिणाऱ्या बाईला
आधी ते नुकसान वाटलंच नाही.
मग एकदा दूध करपलं
आणि मी शेजारीच पेपर वाचत बसलेली.
मग नात झाली.
तिची टाळू हुंगली,
कोरा कागद हुंगावा तशी.
तेव्हाही अहाहा म्हटलं. सून बघत होती.

दुपारी स्पर्धा. डोळ्यांवर पट्टी, दहा बाटल्या.
पहिलीला गुलाब म्हटलं, दुसरीला चंदन,
देवाचं नाव घेऊन ठोकत गेले.
सातवीला मात्र
नाकाच्या आत एक खिडकी उघडली,
गार वारं शिरलं थेट कपाळापर्यंत.
वास नव्हता. नुसती थंडी.
"पेपरमिंट!"
इतक्या जोरात ओरडले की टाळ्या पडल्या.
दहात एक. तरी बक्षीस दिलं,
साबणाची वडी, वर रिबीन.

संध्याकाळी रायबंदरहून फेरीबोट.
पलीकडे चोडणला फिलूचं घर, रात्री तिच्याकडेच जेवण.
ठरवलं होतं, बोट सुटली की सांगू.
सुटली. म्हटलं, मधोमध गेली की सांगू.
तेवढ्यात फिलू, पाण्याकडे बघत:
"हौसा, तुका वास येना, न्हय?"

दुपारची सोलकढी म्हणे फिरली होती,
नारळाच्या दुधाला घाण मारत होती.
सगळ्यांनी वाट्या सरकवल्या,
मी तीन प्याले.
"मला वाटलं, निपाणीला तशीच आवडते," रेहाना म्हणाली.
"अगं, मग सांगायचं नाही का?"
"एवढ्या हौसेनं पीत होतीस."

हसून हसून तिघी एका स्कूटरला टेकलो.
स्कूटरवाला बिचारा हेल्मेट काढून उभा.

मग मी विचारलं, आत्ता कसला येतोय?
फिलू म्हणाली, चिखलाचा, ओहोटीचा.
रेहाना म्हणाली, छे, डिझेलचा,
आणि त्याच्या खालून, थांब,
ईदीची नाणी मुठीत धरून झोपावं
आणि सकाळी मूठ उघडावी ना, तसा.
फिलूला ते पटलं नाही.
तिच्या मते तो पावलूच्या बनियनचा होता,
होडीवरून तो घरी यायचा तेव्हाचा.
पावलू आता नाही, हे तिनं
पुढच्या वाक्यात सांगितलं.
त्यावर कुणी काही बोललं नाही.
इंजिन तेवढं बोलत होतं.

"आणि माझा?"
दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.
"तंबाखूचा," रेहाना म्हणाली. "लुगड्याला.
सकाळी रांगेतच कळलं होतं."
वखार सोडून चार वर्षं झाली.
पदर नाकाशी धरला.
काही नाही.
तरी धरून ठेवला, धक्का येईपर्यंत.

उतरताना साबण फिलूला दिला.
तिनं रिबीन सोडली, हुंगला,
तोंड वाकडं केलं.
"कसला गं?"
"विचारूच नको," ती म्हणाली
आणि पिशवीत टाकला.