पुलावरची खरखर

शॅननवरचा पूल ओलांडला
की मेलेली माणसं बदलतात.
अलीकडच्या स्टेशनवर रॉसकॉमनचे, पलीकडच्यावर लायट्रिमचे;
मधोमध दोन्ही एकमेकांत मिसळतात
आणि अर्धा मिनिटभर
एकाचं नाव, दुसऱ्याचं गाव
असा कुणीतरी वारतो
जो कधी जन्मलाच नव्हता.

मी ब्रेड पोचवतो. एकोणीस वर्षं.
गाडीची एरियल तुटली, तिथं कोटाचा हँगर खोचलाय.
रेडिओबद्दल मी बोलायचं नाही तर कुणी?

आजची गाणी एकाच भट्टीतली,
आणि भट्टीतलं मला कळतं:
वर फुगलेली, आत हवा.
त्यातल्या त्यात तो कॅव्हनचा पोरगा,
घरामागे गुडघाभर चिखल, शेण, वर्षातले तीनशे दिवस ओल,
आणि गातो काय, तर टेक्सासच्या धुळीबद्दल.
अरे बाबा, धूळ पाहिलीयस का कधी?
पण दुकानात हॅम कापता कापता
कॉन्सेप्टाचा खांदा त्या गाण्यावर हलतो,
नवरा गेल्यापासून दुसऱ्या कशानंही न हललेला,
म्हणून तिच्यासमोर मी हे बोलत नाही.

टीव्हीचं म्हणाल तर
एकशे साठ युरो लायसन्स भरून
दर शुक्रवारी रात्री तेच चौघे सोफ्यावर,
परवा हा त्याला हसला, आज तो ह्याला हसतो.
रविवारी एक आर्किटेक्ट येतो, लोकांच्या भिंती पाडतो,
म्हणतो, उजेड आत येऊ द्या.
आमची नूला सिडनीत. इथं घर परवडेना.
मी आणि बायको, ताटं मांडीवर घेऊन
परक्यांच्या स्वयंपाकघरात उजेड येताना बघतो.

संध्याकाळी सहाची घंटा मात्र अजून वाजते पडद्यावर.
चर्च सोडून मला चौदा वर्षं झाली.
घंटा वाजली की हातातला काटा थांबतो.
का, ते विचारू नका.

ॲट्रॅक्टा बेर्नला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.
तिला सगळ्याचं कारण ठाऊक असायचं.
अरिग्नाच्या डोंगराखाली शेवटचं घर,
मंगळवारी एक पाव, कापलेला नको.
तिच्या बापाचा पाय कोळशाच्या खाणीत गेला
आणि मग तो फिडल वाजवायचा ती चालही
त्याच्या चालीसारखी झाली:
तिसऱ्या पावलाला जराशी लंगडी.
पोरीनं तीच उचलली. डोंगराच्या ह्या अंगाला सगळ्यांनीच.
"मग रेडिओ आला," ती म्हणायची,
"आणि त्यानं आमचे सगळे पाय सरळ केले.
आता डॉनेगल घ्या की केरी घ्या,
पोरं वाजवतात झक्क, कुणी अडखळत नाही.
कुणाचा बाप कुठं पडला होता, काही कळत नाही."
हे सांगताना मागे कपाटावर तिचा रेडिओ चालूच.
बंद का करत नाहीस, मी म्हटलं एकदा.
"मग भांडू कुणाशी?"

मार्चमधला मंगळवार. पावणेनऊ.
पुलाच्या मध्यावर, खरखरीतून, बातमी वाचणाऱ्या बाईचा आवाज:
ॲट्रॅक्टा...
आणि पुढं पलीकडच्या जिल्ह्यातलं कुठलंसं गाव.
मी ब्रेक दाबला.
एक चाक पुढं गेलं असतं तर आडनाव आलं असतं,
एक चाक मागे, तर दफनाची वेळ.
तिथंच उभा राहिलो, अर्ध्या नावावर,
माझ्यामागे दुधाचा टँकर,
त्याच्यामागे शाळेची बस, हॉर्नवर हॉर्न.
तिचा पाव शेजारच्या सीटवर. न कापलेला.

यादी संपली. ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात झाली.
मग तो कॅव्हनचा पोरगा लागला, धुळीबद्दल.
गाऊ दिला.