पोट घासतं

सगळे म्हणाले, उंच गाडी घे, सेडान आता कोण घेतं?
शोरूममधला पोरगाही चावी देताना
जरा कीव आल्यासारखा हसला.
मला डिकी आवडली होती.
आणि मागची ती उतरती रेघ.

धनकवडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी
कुणीतरी रातोरात ओतलेला स्पीडब्रेकर आहे.
तिघं असलो तर निघते.
चौघं असलो की खर्रर्र.
तो आवाज माझ्या दाढेत येतो.

म्हणून सासरे उतरतात.
ऐंशीला टेकलेले, कानटोपी सावरत
ब्रेकर चालत ओलांडतात,
मग वळून मला हात करतात, ये, ये, येऊ दे,
जणू विमान उतरवतायत.
परत बसताना गुडघा बोलतो.
"रोज खड्ड्यात बसवतेस गं," म्हणतात.
दार मात्र हळूच लावतात.

अ‍ॅव्हरेज किती, विचारतात सोसायटीतले.
शहरात अकरा देते. मी चौदा सांगते,
सासरे सोळा.

अजून एकेचाळीस हप्ते आहेत.
काल एकटीच होते,
तरी ब्रेकरपाशी थांबले.
मागचा रिक्षावाला हॉर्न मारून मारून
शेवटी बाजूला आला, म्हणाला,
"मॅडम, कुणी यायचंय का?"