अंधारी

सकाळी साडेआठ, देवगिरीचं तिकीटघर.
मी कचरू वाहूळ, गळ्यात ओळखपत्र,
बावीस वर्षं हाच किल्ला चढतो-उतरतो.
शकीलाबी सीताफळांवर ओली पानं झाकत विचारते,
"भवानी झाली का, भाऊ?"
नाही अजून.

मग तो आला. एकटाच.
सत्तरी ओलांडलेला, उन्हानं कान लाल.
नाव म्हणला हालवर.
मी मनात हळुवार असं लिहून घेतलं.
गाव इतकं उत्तरेला, की त्यापुढं नुसता समुद्र आणि बर्फ.
गावाचं नाव तीनदा सांगितलं,
तीनदा मह्या जिभेवरून घसरलं.

नेहमीचंच सुरू केलं :
हा हत्ती हौद. हा चांद मिनार, वर जायला बंदी.
ही तोफ, मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड,
लोक शिंगं धरून फोटो काढतात.
त्यानं शिंगं धरली नाहीत.
पायऱ्या मोजत होता ओठातल्या ओठात,
त्याच्या भाषेत.
मला फक्त आकडे संपत नाहीत एवढं कळत होतं.

खंदकावरचा पूल ओलांडला की अंधारी.
इथं महा खेळ असतो.
टॉर्च मालवायची, दहा मोजायचे.
लोक किंचाळतात, मग हसतात,
नवरे बायकांचा हात धरतात, बायका लेकरांचा,
वटवाघळांचा आंबट वास नाकात जातो.
मग सांगायचं, शत्रू इथं चुकायचा,
आपल्याच माणसावर तलवार चालवायचा,
वरून उकळतं तेल.
मग उजेड. मग हुश्श.
मग बक्षिसी.

मी टॉर्च मालवली.
दहा मोजले. चकार शब्द नाही.
वीस मोजले.
बावीस वर्षांत पहिल्यांदा मलाच वाटलं,
माणूस आहे ना इथं?

"आमच्याकडं," तो बोलला,
शेजारच्या खोलीतून बोलावं तसा,
"दोन महिने असंच. सूर्य वर येत नाही.
दुपारी बाराला डोंगरामागं थोडं निळं होतं.
तेवढीच दुपार."

"मग शाळा?"
"भरते."
"दूधवाला?"
हसला. "येतो."
"आणि तुमच्या गावी लोक काय बघायला येतात?"

"हेच," म्हणला. "आकाशात हिरवा पडदा हलतो,
हलला तर. पैसे भरून बर्फात उभे राहतात.
कधी कधी रात्रभर काहीच नाही.
माझी बायको तुझ्यासारखीच, गाईड होती.
अशा रात्री लोकांना म्हणायची,
काळोख तर पुरता दिसला ना?
त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत आम्ही."

होती, म्हणला.
मी ते इंग्रजी नीट ऐकलं, ते एवढंच नीट कळलं.
तेलाची गोष्ट सांगितली नाही.
टॉर्च लावायची तर राहूनच गेली,
भिंतीला हात लावत लावत
आम्ही वर निघालो, दोघं म्हातारे.

बारादरीत वारा होता.
"उत्तर कुठं?" त्यानं विचारलं.
मी बोट केलं : तिकडं कन्नडचा घाट,
खाली चाळीसगाव, मग खानदेश,
मग... महं बोट तिथंच संपलं.
तो बराच वेळ त्या बोटाच्या पुढं बघत राहिला.

उतरल्यावर शकीलाबीनं एक सीताफळ फोडून दिलं.
पैसे घेतले नाहीत. कामून, ते तिलाच ठाऊक.
त्यानं गर खाल्ला, बिया रुमालात बांधल्या.
"तिकडं नाही उगवणार," मी म्हणलो.
"माहीत आहे," म्हणला,
आणि रुमालाला आणखी एक गाठ मारली.
त्याला अजून वेरूळ बघायचं होतं.

दुपारी जालन्याची सहल आली, साठ पोरं, दोन मास्तर.
अंधारीत टॉर्च मालवली.
किंचाळले, हसले, कुणी कुणाची टोपी ओढली.
दहा झाले.
मी पुढं मोजत राहिलो.
हळूहळू सगळे गप्प.

"काका," एक बारीक आवाज, "लाईट गेली का?"

थांब लेकरा, म्हणलो.
अजून निळं व्हायचंय.