आठवा रकाना

हेड सहज निघालं नाही.
चार दिवस स्टडांच्या मुळाशी तेल पाजलं,
लाकडी हातोड्यानं कडेकडेनं टकटक केली,
शेजारीण घरात आहे हे ठाऊक असताना
तिच्या दारावर करावी तशी.
पाचव्या दिवशी, तळ्यावर धुकं,
ओमेन्याची पहिली बोट अजून सुटायची होती,
मी कॉफी उकळत ठेवली
आणि पाठीमागे त्यानं आपणहून सुस्कारा सोडला.
केसाएवढी फट.

एवाझिओचा हा हिरवा कूपे.
दोन उन्हाळे पळाला, मग गोठ्यात,
गवताच्या भाऱ्यांमागे, ताडपत्रीखाली.
सीट उंदरांनी खाल्ली.
"काकानं चाळीस वर्षं कार्ब्युरेटरला शिव्या घातल्या,"
तित्सियानो म्हणाला.

हेड बाकावर उलटं ठेवलं.
सात झडपा काळ्या, पण धड.
आठवी, चौथ्या सिलिंडरची एक्झॉस्ट,
एका कडेला जळून गेलेली,
पोरानं चावून ठेवलेल्या बिस्किटासारखी.

त्याला समजावलं:
झडपेला घडीभर टेकायला मिळावं लागतं.
टेकली की अंगातली धग हेडला देते
आणि उठते, मिनिटाला तीन हजार वेळा.
शिम जाड पडला तर ती टेकतच नाही,
अधांतरी राहते, आणि जाळ त्या फटीतून ये-जा करतो.
"म्हणजे कुणीतरी चुकीचा शिम घातला?"
कुणीतरी.

चिमट्यानं शिम उचलला.
पाठीवर कोरलेला आकडा: सातच्या पोटात आडवी रेघ,
शेपूट जरा जास्तच डावीकडे.
असा सात या तळ्याकाठी एकच हात काढतो.
मायक्रोमीटर लावायची गरज नव्हती.
तरी लावला.

रंगाच्या डब्यांमागून बहात्तरची वही काढली.
गाडीचा नंबर, मालकाचं नाव, आठ रकाने.
सातांत शंभरांश मिलिमीटर, पेन्सिलीनं, रेखीव.
आठवा कोरा.

मी बावीस वर्षांची होते.
वडिलांनी पहिल्यांदाच अख्खं हेड माझ्यावर सोपवलेलं,
गिऱ्हाइकाला मात्र सांगितलं नव्हतं.
त्या शनिवारी कसली घाई होती?
पिवळ्या सँडल आठवतात,
त्या घालून कुठे गेले ते आठवत नाही.
एवढंच, की सात बरोबर आले,
तर आठवाही असेलच, असं वाटलं होतं.

वही तित्सियानोपुढे सरकवली.
तो रकान्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.
"चालू असती तर काकानं ती केव्हाच विकली असती.
मला मिळालीच नसती."
मी म्हटलं, माझ्या चुकीला हार घालू नकोस.
झडप, गाईड, सीट, मजुरी: सगळं माझ्या खात्यावर.

नवी झडप.
दोन तळव्यांत काठी, रवीसारखी, पुढे मागे, पुढे मागे.
पेस्ट आधी भरड, मग मऊ.
आवाज आधी वाळूचा, मग रेशमाचा, मग नुसताच ओला.
राखाडी कडं पूर्ण फिरलं, कुठे तुटलं नाही.
पोर्टमध्ये पेट्रोल ओतून वर झोपायला गेले.
झोपले नाही. दोनदा टॉर्च घेऊन खाली उतरले.
खाली अंथरलेला कागद कोरडा होता,
तिसऱ्यांदाही.

डावा कान आता काही सांगत नाही,
म्हणून कॅमखाली पाती सरकवताना डोळे मिटते.
ती फार सैल नको, अडायलाही नको;
जाड वहीतून एक पान ओढताना बोटाला लागतं
तेवढंच लागायला हवं.
लागलं.

पेन्सिल सापडली नाही.
बॉलपेननं, बहात्तरच्या त्या पानावर,
आठव्या रकान्यात आकडा लिहिला.
निळी शाई त्या पानावर उपरी दिसते, दिसू दे.

तित्सियानो बाहेर चावी खुळखुळवत उभा होता.
मी त्याला थांब म्हटलं,
आणि पहिलीपासून
आठही पुन्हा मोजायला घेतल्या.