तो गेल्याला किती दिवस

खाण्याचं अंडं आठ रुपये,
उबवणीचं पंचवीस.
मधल्या सतरा रुपयांचा मालक
खुराड्याच्या पत्र्यावर उभा राहून
पहाटे चारपासून अर्धं सिमरोल उठवायचा.

मंगळवारी रात्री रानमांजरानं त्याला नेलं.
बाभळीखाली पिसं मिळाली, तांबडी, हिरव्या झाकेची,
आणि कुंपणाच्या तारेला थोडं काहीतरी,
जे मी बादलीभर पाण्यानं धुतलं.
अकरा कोंबड्या घटकाभर गप्प.
मग मी शेवेचा चुरा टाकला
(फरसाणवाल्याकडून आणते, पोत्याच्या तळचा)
आणि त्या धावल्या, रोज धावतात तशाच.
मला त्यांचा राग आला. तोही घटकाभरच.

दुपारी फोन. महूचे खरसोडे हवालदार.
"बाई, मशीन घेतलंय, तीस अंडी लागतील.
सगळ्यांत जीव असेल ना?"
मी म्हटलं, असेल. सोमवारी या.

खोटं नव्हतं ते.
कोंबडी साठवून ठेवते.
हे मला हाटात थावरीबाईनं सांगितलं होतं,
पहिल्या चार तलंगा मी तिच्याकडूनच घेतल्या तेव्हा:
"मुर्गा मर जाए, तो भी आठ-दस दिन उसी के चूज़े."
पोटात कुठेशी बारीक घड्या असतात म्हणे,
तिथलं थोडं थोडं काढून
ती रोजच्या अंड्याला देते,
कवच चढायच्या आधी.

मी वीस वर्षं जेलरोडला साड्यांना फॉल लावले.
घडीत काय काय राहतं मला विचारा.
बसची तिकिटं, अंगारा,
एकदा एक चिठ्ठी, जी मी न वाचता
परत त्याच घडीत ठेवली
आणि वरून इस्त्री फिरवली.

अंड्यावर पेन्सिलीनं तारीख मी आधीही घालायची.
आता शेजारी दुसरा आकडा:
तो गेल्याला किती दिवस.
एक. दोन. तीन, तीन, तीन.
सहापर्यंतची खरसोड्यांनी नेली,
भुशाच्या खोक्यात, स्कूटरच्या पायाशी.

सातपासून पुढची मी विकली नाहीत.
नणंद इंदूरहून आली होती;
अंड्याला हात लावत नाही, पण हिशेब विचारते.
म्हणाली, "आत कोण बघायला जातंय?"
कोण म्हणजे. मीच जाते.
बुटकी खुडूक बसली होती,
तिच्याखाली रवण घातली: सातपासून चौदापर्यंतची आठ अंडी.
आठव्या रात्री धान्याच्या खोलीत दार लावून
मोबाइलची बॅटरी, वर एकेक अंडं.
सात: लाल कोळ्याचं जाळं, मध्ये ठिपका, हलणारा.
नऊही तसंच.
दहा कोरं, पिवळ्या काचेसारखं.
अकरा, बारा कोरी.
तेरा,
तेरा मी तीनदा धरून पाहिलं.
होता. बारीक होता, पण होता.

चौदा कोरं निघालं. ऑम्लेट केलं नाही,
का ते मला नीट सांगता येणार नाही.

खरसोड्यांची तीसातली सव्वीस फुटली.
म्हणाले, मोठा झाला की एक नर परत देतो.
त्यांना समजावलं, आयांमध्ये लेक सोडत नाहीत, हवालदार.
मग शनिवारी हाटातून थावरीबाईचा काळा आणला,
साडेसातशेला, पाय बांधून, बसमध्ये मांडीवर.
उतरल्या उतरल्या त्यानं शेवेवर पहिला हक्क सांगितला.
पत्र्यावर अजून चढत नाही.

अंड्यावर सध्या दोन आकडे घालते:
जुना गेल्याला अठरा, नवा आल्याला तीन.
काल भंवरकुआँच्या एका पोरानं डझन उचलून विचारलं,
हे काय लिहिलंय?
म्हटलं, ही आठ रुपयेवाली आहेत.
पंधरवड्यानं ये.